चेहरा दिसत नाही

५ ऑक्टोबर, शनिवार

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज रक्तदाब मोजा आणि लिहून ठेवा. म्हणून वही आणली. पण नुसते आकडे लिहून हात थांबत नाही. आर्वो, माझा नवरा, गेल्यापासून घरात बोलायला कोणी नाही, त्यामुळे असेल. आकडे शेवटच्या पानांवर लिहीन, बाकीचं इथे.

आज जारी आला होता. दर शनिवारी येतो. लाकडं फोडतो, मागच्या अंगणातला सौना, म्हणजे वाफेच्या आंघोळीची लाकडी खोली, पेटवतो, आंघोळ करतो, मग जेवतो. तेहतीस वर्षांचा झाला तरी माझ्या हातचा मासे-बटाट्याचा रस्सा दोनदा मागून घेतो. शेजारची म्हातारी म्हणते, रायली, असा मुलगा आमच्या नशिबी नाही. मी ऐकून घेते. ऐकायला आवडतं.

त्याचा फोटोंचा छंद चालूच आहे. इंटरनेटवर एक फुकटचा ज्ञानकोश आहे, जगभरचे लोक मिळून लिहितात. त्यासाठी हा फोटो काढून देतो. बंदरावरची धान्याची जुनी कोठारं, पूल, चर्चं, बदकं. प्रत्येक फोटोखाली जागा, महिना, सगळं नीट. आमच्या या कॅनडातल्या गावातलं, थंडर बेमधलं काहीही शोधा, फोटो बहुतेक माझ्या जारीचा निघतो. कामावर सगळ्यांना दाखवून झालंय.

आज मात्र घुश्शात होता. म्हणाला, "चार रिकामटेकडे माझा एक फोटो काढून टाका म्हणून मागे लागलेत."

"कसला फोटो?"

"आहे एक. त्या लेखाला चित्रच नव्हतं. मी दिलं. आता म्हणे संमती घेतली होती का."

मी म्हटलं, "पुलाची संमती कशी घेतात ते विचार त्यांना."

तो हसला, पण जरा उशिरा.

लीनालाही जेवायला बोलावलं होतं. माझ्या बहिणीची मुलगी. आली नाही. जारी येणार असला की तिला हल्ली हमखास काम निघतं. दोन वर्षांपूर्वीपर्यंत दर आठवड्याला यायची. सौनाच्या खिडकीला पडदा लाव म्हणाली होती एकदा. मी म्हटलं, मागे नुसतं जंगल, बघायला कोण येतंय. त्याचा राग धरला असेल तर ती वेडी आहे.

९ ऑक्टोबर, बुधवार

कामावर, वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात, आज भलतंच झालं. दुपारच्या ट्रे लावायची वेळ आणि माझ्याबरोबर काम करणाऱ्या कोरीनचा पत्ता नाही. शीतखोलीत सापडली, गाजरांच्या पोत्यावर बसलेली. मला वाटलं नवऱ्याशी भांडली. अठ्ठावीस वर्षांची आहे, मागच्याच वर्षी लग्न झालं.

मी शेजारी बसले. मग म्हणाली, "रायली, माझा एक फोटो इंटरनेटवर आहे. मी काढलेला नाही. काढलाय ते मला माहीतही नव्हतं."

जुलैत बंदरावर संगीताचा कार्यक्रम असतो, तिथे ती गेली होती. वरच्या रस्त्याकडे जाणारा लोखंडी जिना आहे ना, तो चढत असताना कोणीतरी खालून फोटो काढला. ड्रेसच्या खालून. ब्रेंटच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या कामावरच्या एकाने त्याला दाखवला. पोटरीवर टॅटू आहे तिच्या, पाणपक्षी आणि खाली आजीचं नाव युक्रेनी अक्षरांत. तसा टॅटू अख्ख्या गावात दुसऱ्या कोणाचा असणार?

"कुठल्या घाणेरड्या जागी आहे?" मी विचारलं.

"तेच तर. घाणेरडी जागा असती तर निदान घाणेरडी म्हणता आली असती. ज्ञानकोशात आहे. बायकांना चोरून बघणाऱ्यांवर लेख आहे. हा गुन्हा आहे असं त्यात लिहिलंय, आणि शेजारी उदाहरण म्हणून मी."

ती फोन दाखवायला लागली. मी म्हटलं, नको, मला बघायचा नाही, मी न बघताच तुझ्यावर विश्वास ठेवते. तिने माझा हात धरला.

खरं लिहायचं तर आधी मनात आलं होतं की ड्रेस किती आखूड होता. विचारलं नाही एवढंच. पण मनात आलं होतं.

१० ऑक्टोबर, गुरुवार

काम संपल्यावर कोरीन घरी आली. कामावरची तक्रारपत्रं मीच लिहिते सगळ्यांची, तशी ज्ञानकोशवाल्यांनाही तक्रार लिहून द्या म्हणाली. गुलाबी साखर चढवलेले पर्शियन बन घेऊन आली होती. दोघींनी एकही खाल्ला नाही.

त्या फोटोवर तिथे आधीपासूनच वाद चाललाय. तिने वाचून दाखवला. एक म्हणतो, सार्वजनिक जागा आहे, तिथे कोणीही फोटो काढू शकतो. दुसरा म्हणतो, आमचे संगणक ज्या देशात आहेत तिथला कायदा बघा. तिसरा म्हणतो, चेहरा दिसत नाही, म्हणजे ही कोणी विशिष्ट व्यक्ती नाही, मग संमती घ्यायची कोणाची? एका बाईने लिहिलंय, तुमची बहीण असती तर? तिला उत्तर मिळालंय की भावनेच्या भरात ज्ञानकोश चालत नाहीत.

माझं डोकं तापलं. म्हटलं, लिही. तिच्या नावाने मीच सांगत गेले: "तुम्ही म्हणता जागा सार्वजनिक आहे. जिना सगळ्यांचा आहे, हे मला मान्य आहे. माझ्या कपड्यांच्या आतली जागा सगळ्यांची नाही. तिथे येण्याची परवानगी मी कोणाला दिलेली नव्हती."

कोरीनने ते दोनदा वाचलं. म्हणाली, "मला हे असं कधीच म्हणता आलं नसतं."

मी म्हटलं, "आणि ज्याने काढला ना, त्याच्या आईला दाखवला पाहिजे."

१६ ऑक्टोबर, बुधवार

उत्तर आलं. फार नम्र. आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल खेद आहे, पण फोटोतली व्यक्ती आपणच आहात याचा पुरावा द्यावा. चेहरा नसल्यामुळे टॅटूचा नवा फोटो चालेल, शेजारी आजची तारीख लिहिलेला कागद धरून.

कोरीन म्हणाली, "म्हणजे ती मी नाही म्हणून फोटो ठेवायचा, आणि काढून टाकायचा तर ती मीच आहे हे मी दाखवायचं."

कपडे बदलायच्या खोलीत तिने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. मी कागद धरला, तिने फोनने फोटो काढला. पहिला हलला. "पुन्हा," म्हणाली. इतक्या हळू म्हणाली की जणू तिचीच काही चूक होती.

१९ ऑक्टोबर, शनिवार

आज रक्तदाब मोजला नाही. तरी लिहिते.

जारी नेहमीसारखा आला. सौना झाला. केस ओलेच होते. जेवताना फोन काढून म्हणाला, "आई, ऐक गंमत. त्या फोटोवरून एका बाईचं पत्र आलंय. वकिलाकडून लिहून घेतलेलं दिसतंय. नाहीतर एखाद्या कवयित्रीकडून." आणि तोंड वाकडं करून बारीक आवाजात वाचायला लागला, "जिना सगळ्यांचा आहे, हे मला मान्य आहे. माझ्या कपड्यांच्या आतली जागा..."

मी डाव घेऊन उभी होते. माझंच वाक्य माझ्याच टेबलावर, माझ्याच मुलाच्या तोंडून.

"कसं वाटलं?" म्हणाला.

मी विचारलं, "बटाटे घेणार अजून?"

बटाटे वाढले. त्याने खाल्ले. जाताना नेहमीसारखं माझ्या डोक्यावर ओठ टेकवले आणि म्हणाला, दार नीट लाव, कडी ढिली झालीये, पुढच्या वेळी बसवून देतो.

मी दार लावून घेतलं. 

२० ऑक्टोबर, रविवार

चर्चला गेले नाही.

सकाळपासून मनाशी सबबी जुळवतेय. दुसऱ्याने काढला असेल, जारीने नुसता तिथे चढवला असेल. मित्राची बाजू घेत असेल. पण तो "माझा फोटो" म्हणाला होता. मग वाटलं, निदान चेहरा तरी दिसत नाही. हे मनात आलं आणि मी बसल्या जागी गार झाले. कोणाचं वाक्य माझ्या तोंडी आलं होतं?

भिंतीवरचा त्याचा फोटो, धान्याच्या कोठारांमागे सूर्य मावळतोय तो, काढून कपाटामागे ठेवला. संध्याकाळी परत लावला. भिंतीवरचा फिकट चौकोन बघवेना.

२३ ऑक्टोबर, बुधवार

कोरीनशेजारी उभी राहून बटाटे सोलले. तिने विचारलं, "तुम्हाला बरं नाही का?" म्हटलं, रक्तदाब. तिने माझी मोठी पातेली उचलून दिली.

फोटो अजून तिथेच आहे. पुरावा मिळाल्यावर आता ते म्हणताहेत, या लेखाला याच्याइतकं चपखल दुसरं चित्र नाही. ब्रेंट घरात धड बोलत नाही म्हणाली. चिडलेला नाही, नुसता बोलत नाही. आणि तिला वाटतं की तो तिच्यावरच चिडलाय.

ती हे सांगत होती आणि मी तिच्याकडे न बघता सोलत होते. सालींबरोबर अर्धा बटाटा जात होता.

२६ ऑक्टोबर, शनिवार

जारी आला. कडीचे स्क्रू घेऊन आला होता.

"लाकडं काढू?"

"आज सौना नाही. बस."

बसला. मी विचारलं, "बंदरावरच्या जिन्याखाली तू किती वेळ उभा होतास?"

कुठला जिना, असं त्याने विचारलं नाही. पहिलं वाक्य होतं, "तुला कोणी सांगितलं?"

"ज्या पत्राला तू हसलास ना, ते मी लिहिलंय. ती पोरगी माझ्या शेजारी काम करते. कोरीन तिचं नाव."

त्याने दोन्ही हातांनी कप धरला. मग हळूहळू सांगायला लागला, लहानपणी शाळेतला अभ्यास समजावून सांगायचा त्या आवाजात. "आई, त्या लेखाला चित्र हवंय अशी विनंती लावलेली होती. कितीतरी महिने. कोणी देत नव्हतं. मी तसला माणूस नाही. तसले लोक फोटो स्वतःजवळ ठेवतात. मी तर जगाला देऊन टाकला. पैसाही घेतला नाही."

"तुझा होता का द्यायला?"

"काढणाऱ्याचा असतो. कायद्याने."

"आणि पाय?"

"चेहरा दिसत नाही, आई. मी मुद्दाम चेहरा घेतला नाही."

"तिला कळणार नाही म्हणून, की तुला बघावा लागणार नाही म्हणून?"

त्याने कप खाली ठेवला.  मी विचारलं, "एकच काढलास का रे?"

कप फिरवत राहिला.  मला दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं. विचारलं नाही. तो सांगेल अशी भीती वाटली.

जाताना म्हणाला, काढून टाकायला सांगतो. कडी बसवूनच गेला.

२७ ऑक्टोबर, रविवार

लीनाला फोन केला. कशी आहेस, काम कसं चाललंय. ती म्हणाली, "मावशी, काही झालंय का?" म्हटलं, नाही गं, सहज.  तिकडे तिचा श्वास ऐकू येत होता. ती वाट बघत होती असं वाटलं. सौनाच्या खिडकीचं विचारायला फोन केला होता, पण मी हवापाण्याचं काहीतरी बोलून ठेवला.

३० ऑक्टोबर, बुधवार

जारीचा फोन. आवाज बसलेला. त्याने ज्ञानकोशवाल्यांना लिहिलं की माझा फोटो काढून टाका. त्यांनी नाही म्हटलं. एकदा मुक्त केलेली वस्तू परत मागता येत नाही, तसा नियमच आहे. आजवर हाच नियम तो दुसऱ्यांना ऐकवत आलाय. "माझ्याच लोकांनी विरोधात मत दिलं, आई. म्हणतात, तुझ्यावर कोणीतरी दबाव आणतंय, आम्ही तुझ्या पाठीशी आहोत."

त्याने एकदा होकार दिला तो कायमचा धरला गेला. तिचा होकार कोणी मागितलाच नव्हता.

मी विचारलं, "मग आता?" म्हणाला, "मी प्रयत्न केला ना." लहान असताना कपाटाची काच फोडून ती डिंकाने चिकटवायला बसला होता, तोच आवाज. तेव्हा मी त्याला पोटाशी धरलं होतं. आज नुसती ऐकत राहिले.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

काम सुटल्यावर कोरीनला म्हटलं, माझ्या गाडीत बस जरा. बसली. मी समोरच्या काचेकडे बघत सांगितलं, "फोटो माझ्या मुलाने काढलाय."

तिला कळायला वेळ लागला. मग म्हणाली, "जारीने? तो बदकांचे फोटो काढतो तो जारी?"

"तोच."

"तुम्ही कागद धरला होतात. मी पाय दाखवत होते तेव्हा."

"तेव्हा मला माहीत नव्हतं."

"कधी कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. काल कळलं म्हणता आलं असतं. "एकोणीस तारखेला," म्हटलं.

तिने मनात हिशोब केला. "म्हणजे दोन आठवडे तुम्ही माझ्याशेजारी उभ्या राहून बटाटे सोलत होतात. मी ब्रेंटचं सांगत होते आणि तुम्ही ऐकत होतात."

"हो."

"माझं सगळं सगळ्यांना आधी दिसतं आणि मला मागून कळतं," ती म्हणाली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं, पण माझं बरं वाटणं हा तिचा प्रश्न नव्हता. उतरून गेली. मी किल्ली फिरवली तोच परत येऊन काचेवर टकटक केली.

"त्याचं नाव पोलिसांना तुम्ही सांगणार की मी सांगू?"

"मी सांगते."

"माझ्यासमोर सांगा," म्हणाली.

५ नोव्हेंबर, मंगळवार

पोलीस चौकीवर गेलो. आम्ही दोघी, आणि ब्रेंट. मोठ्या हातांचा लाजाळू मुलगा आहे, सगळा वेळ टोपी फिरवत बसला होता. तो तिच्यावर चिडलेला नव्हता. आपल्याला काहीच करता आलं नाही म्हणून मान वर करत नव्हता, हे पाहताच कळलं मला. तिला अजून कळलेलं दिसलं नाही.

पोलीस बाई तरुण होती. म्हणाली, "कपड्यांच्या आतला फोटो चोरून काढणं हा इथे गुन्हाच आहे. जिना कोणाचा, संगणक कुठल्या देशात, ते नंतर बघू. कॅमेरा इथे होता ना?" इतके आठवडे लोक ज्यावर पानंच्या पानं भांडत होते, ते तिने इतक्या सोप्या शब्दांत सांगितलं.

मग माझ्याकडे वळली. "तो स्वतः तुमच्यापाशी बोललाय?"

सांगितलं. नाव, पत्ता, जन्मतारीख. जन्मतारीख सांगताना अडखळले. त्या दिवशी बर्फ पडत होता, आर्वोने गाडी किती सावकाश चालवली होती. पोलीस बाईने पाण्याचा ग्लास पुढे केला. कोरीनने माझ्याकडे बघितलं नाही.

घरी येऊन जारीला फोन केला. दुसऱ्या कोणाकडून त्याला कळू नये म्हणून. त्याने सगळं ऐकलं आणि म्हणाला, "तू माझी आई आहेस ना?"

म्हटलं, "म्हणूनच." पण खात्री नव्हती. अजूनही नाही. कदाचित दोन आठवड्यांची माझी लाज धुऊन काढायला मी त्याला पोलिसांच्या हाती दिला असेल.

९ नोव्हेंबर, शनिवार

पोलीस त्याचा संगणक आणि कॅमेरे घेऊन गेले. मी सौना पेटवला नाही. तो आला नाही.

फोटो हटवला गेला. पोलिसांचं पत्र गेल्यावर एका दिवसात. खाली टीप लिहिली आहे: नियमांचा भंग झालेला नसला तरी सौजन्य म्हणून हे चित्र हटवत आहोत.

हे मी स्वतः उघडून पाहिलं. त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. चित्राच्या जागी करडा चौकोन. त्याखाली जारीचं टोपणनाव, जागा, महिना. सगळं नीट.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

कोरीन कामावर परत आली. तिला म्हटलं, फोटो गेला. म्हणाली, "तिथून गेला. ब्रेंटला आणखी दोन ठिकाणी सापडला. मुक्त आहे ना, कोणीही उचलून नेऊ शकतो." आणि ट्रे मोजायला गेली.

१६ नोव्हेंबर, शनिवार

जारी आला. दाढी वाढलेली. कोर्टाची तारीख पडलीय. संगणकात आणखी फोटो सापडले म्हणाला. किती, कोणाचे, ते त्याने सांगितलं नाही. ज्ञानकोशवाल्यांनी त्याचं खातं बंद केलं, त्याचंच त्याला जास्त लागलेलं दिसलं. "माझे पूल काय वाईट होते?" म्हणाला.

मी म्हटलं, "वकिलाला सगळं खरं सांग. आणि कोर्टात ती समोर आली तर तिच्या चेहऱ्याकडे बघ. नजर खाली घालू नकोस."

मग ताट वाढलं. वाढताना लाज वाटली, तरी वाढलं. तो खाली मान घालून जेवला. मी त्याच्या मानेकडे बघत राहिले, आणि याला मी किती ओळखते असं आयुष्यात पहिल्यांदा मनात आलं. जाताना म्हणाला, सौना पेटणार नसेल तर कुलूप घालतो, आणि घातलं. किल्ली मी ठेवून घेतली.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

आज सूपसाठी सगळ्यात मोठं पातेलं लागणार होतं. ते वरच्या फळीवर असतं, छोट्या शिडीवर चढावं लागतं. कोरीनने शिडी लावली. स्वयंपाकघरात आम्ही दोघीच होतो, मी तिच्या मागे, सिंकपाशी.

तिने पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि थांबली. कामाची जाड पँट, वर गुडघ्यापर्यंत एप्रन. तरी तिने मागे वळून बघितलं. मागे मी आहे ते बघितलं, आणि तरीही चढली नाही.

मी नळ बंद केला. हात पुसले, बाहेर गेले आणि दार ओढून घेतलं. पातेलं ओट्यावर ठेवल्याचा आवाज येईपर्यंत कॉरिडॉरमध्ये भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.